गादीवरचा गुडघा

१४ जुलै १९७५, सोमवार. सकाळपासून मी प्लास्टरची पावडर शेकत होते. पावसाळ्यातली नागपूरची हवा भजी खायला बरी, प्लास्टरला नाही. पावडर दमट झाली की तिच्या पट्ट्या पायावर कितीही गुंडाळा, ओल्या पुठ्ठ्यासारख्या लोंबत राहतात. म्हणून ती ट्रेमध्ये पातळ पसरून गरम करायची, गार झाली की जाळीच्या कापडाच्या पट्टीवर हाताने चोळायची, सैल गुंडाळी करायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. आता या गुंडाळ्या तयार पाकिटात येतात. तेव्हा आमच्याकडे त्या शेवयांसारख्या घरीच व्हायच्या आणि त्या करणारीच्या भुवया दिवसभर पांढऱ्या असायच्या. माझ्या भाचीने मला एकदा सरळ विचारलं होतं, "मावशी, तू गिरणीत नोकरीला आहेस का?"

मी हाडांच्या विभागात सिस्टर होते आणि माझ्याकडे प्लास्टर रूम होती. संपादकांनी दिवाळी अंकासाठी हृद्य आठवणी मागितल्या आहेत. हृदयाचा विभाग वरच्या मजल्यावर होता. खाली आमच्याकडे मोडलेलं, सरकलेलं, झिजलेलं आणि सडलेलं हाड यायचं. त्यातल्या एका गुडघ्याची हकीकत सांगते.

त्याआधी प्लास्टरबद्दल थोडं. लोकांना वाटतं प्लास्टर हाड जोडतं. हाड आपलं आपणच जुळतं. प्लास्टर फक्त त्याला गप्प बसवतं. गप्प बसणं मात्र आपल्या लोकांना जमत नाही. आत खाज सुटली की मंडळी गोडं तेल ओततात, झाडूची काडी घालतात, काडी आतच मोडते आणि मग ती काढायला मी. एक गृहस्थ विळ्याने प्लास्टर कापून, ते दोन शिंपले पिशवीत घालून परत द्यायला आले होते. "सरकारी माल आहे, म्हणून आणला," म्हणाले.

आणि गुडघ्याबद्दल. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत गुडघा चालण्यासाठी असे. आपल्याकडे तो मुख्यतः बसण्यासाठी असतो. जेवायला मांडी, पूजेला मांडी, धुण्याला उकिडवं, निंदणाला उकिडवं, संडासला उकिडवं. पारशिवनीकडच्या एक आजी झिजलेले गुडघे घेऊन आल्या होत्या. आमच्या सरांनी, म्हणजे विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी, त्यांना समजावलं की मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जमिनीवर बसूच नका. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बसू कुठी साहेब? झाडावर?" सर हसले, मांडीच्या व्यायामासाठी आणि मेणाच्या शेकासाठी चिठ्ठी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. 

मनोहरचं प्रकरण याच बसण्याचं होतं.

मनोहर राहायचा सक्करदऱ्याला आणि नोकरीला होता गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात. वय पस्तिशीच्या आत. दुकानात पांढरी गादी. गिऱ्हाईक गादीवर बसायचं, समोर मनोहर एक पाय दुमडून आणि दुसरा गुडघा उभा ठेवून बसायचा आणि मागच्या फळ्यांवरून पोरं कापडाचे तागे, ठाणावर ठाण, त्याच्यापुढे टाकत जायची. खेड्यांतून लग्नाचा बस्ता घ्यायला येणारी मंडळी "मनोहरभाऊ हायेत काय?" असं विचारूनच चपला काढायची. हे मला त्यानेच सांगितलं, आणि पुढे त्याच्या शेठजींनीही सांगितलं, म्हणजे खरं असणार.

त्याच्या उजव्या गुडघ्याला सूज आली. सायकलवरून पडल्याने आली असं सगळ्यांनी ठरवलं. तेल, मालिश, गरम विटेचा शेक. सूज उतरेना, ताप येऊ लागला, मांडी वाळत चालली, तेव्हा आमच्याकडे आला. गुडघ्याचा टीबी. फुप्फुसाचा टीबी सगळ्यांना माहीत असतो, पण तो हाडातही बसतो आणि सांधा वाळवीसारखा आतून खातो. त्यावर चोळणं म्हणजे वाळवीला रस्ता दाखवणं. उपचार असा, की इंजेक्शनं, भल्यामोठ्या गोळ्या, आणि सांध्याला प्लास्टरमध्ये पूर्ण विश्रांती. तेही महिनोन्‌महिने.

रोग आटोक्यात आला, पण तोवर सांध्याची गुळगुळीत गादी खाऊन झाली होती. हाडावर हाड घासत होतं. सरांनी सांगितलं की गुडघा जोडून टाकू. म्हणजे मांडीच्या आणि नळीच्या हाडाची टोकं तासायची, एकमेकांना भिडवायची आणि दोन्हीचं मिळून एक हाड होऊ द्यायचं. बिजागरी निकामी झाली की दार चौकटीला ठोकून टाकतात, तसं. दुखणं कायमचं जातं आणि वाकणंही कायमचं जातं. आता कृत्रिम सांध्यांच्या गोष्टी वाचायला मिळतात. आमच्या रुग्णांसाठी तेव्हा ठोकलेलं दार हाच इलाज होता.

मनोहरने विचारलं, "मंग मी दुकानात बसू कसा?"

"स्टुलावर," सर म्हणाले.

"गादीवर स्टूल?" मनोहर म्हणाला आणि घरी निघून गेला. रात्री पायाला बांधायला मी त्याला प्लास्टरची अर्धी पन्हळ करून दिली होती, पाय सरळ राहावा म्हणून.

काही महिन्यांनी तो कुबड्यांवर आला. सोबत आई आणि बायको कुसुम. गुडघा काटकोनात अडकलेला, टाच जमिनीपासून वीतभर वर. सरांनी विचारलं, पन्हळ बांधत नव्हता का? उत्तर आईने दिलं.

"ते लय टोचे त्याले, साहेब. लेकरू रातभर कन्हे. मंग म्या ते काढून टाकलं अन् गुडघ्याखाली उशी देली. तवापासून झोप लागते त्याले. एक दिवस उशी चुकली नाही."

त्या बाईच्या तोंडावर समाधान होतं. सरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. दुखरा गुडघा उशीवर ठेवला की आराम पडतो, कारण तो वाकतो. आणि वाकलेल्या स्थितीत ठेवला की तसाच आवळत जातो. हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येक घरात कोणीतरी प्रेमाने उशी द्यायचं. मी आईंना बाहेर चहाला पाठवलं.

मनोहरचा मात्र वेगळाच विचार झाला होता. "साहेब," तो म्हणाला, "आता जोडायचाच असंन तं असाच जोडा. वाकडाच. असा मी गादीवर मस्त बसतो."

"आणि चालणार कसे?"

"कुबड्या हायेत नं."

सर प्लास्टर रूममध्ये येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं पाय सरळ करून मागणारे बघितले. हा पहिलाच." पण त्याच्या बोलण्यात हिशेब होता हे दोघांनाही कळत होतं. त्याला दिवसातून चालावं लागे घरापासून रिक्षापर्यंत आणि रिक्षापासून गादीपर्यंत. बसावं लागे दिवसभर.

सरांनी त्याला निदान भरती व्हायला राजी केलं. पायाला वजनं टांगून गुडघा हळूहळू उघडायचा, पुढचं पुढे बघू. खाटेचा पायथा विटांवर उचलला, पायाला चिकटपट्ट्या लावल्या, दोरी कप्पीवरून खाली सोडली आणि तिला वजनं लावली. हे काम चिवट आहे. घाई केली तर नळीचं हाड मागे सरकतं. रोज थोडी दिशा बदलायची, टाचेखाली बघायचं, कातडी लाल झाली का बघायचं. मनोहर पडल्या पडल्या वॉर्डात भेटायला येणाऱ्या बायकांच्या लुगड्यांचे पोत ओळखायचा. माझ्या युनिफॉर्मच्या कापडाला त्याने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुमाले फसवलं. हे दोन धुण्यात आखडते." आखडलं.

पाय जवळजवळ सरळ झाला, तेव्हा सरांनी त्यांची नेहमीची पद्धत वापरली. पाय कायमचा ताठ करण्याआधी तो सरळ धरून मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरची नळी घालायची आणि रुग्णाला आठवडाभर घरी पाठवायचं. ताठ पायाने राहून बघ, मग सांग. लग्नाआधी आठ दिवस सासरी राहून यावं, तसं. मी नळी घातली आणि बजावलं, "सोमवारी या. मंगळवारी ऑपरेशनचा दिवस असतो. नसेल करायचं तर सोमवारीच सांगा, खाट दुसऱ्याला देता येईल."

तर त्या सोमवारी मी पावडर शेकत असताना तिघं आले. मनोहर, कुसुम आणि शेठजी. शेठजी स्वतः येतील असं मला वाटलं नव्हतं. मी स्टूल पुसून दिलं तरी त्यांच्या काळ्या कोटाला पांढरं लागलंच. मनोहर टेबलावर बसला, पाय समोर तोफेसारखा. कुसुम दाराशी उभी राहिली.

"कसा गेला आठवडा?" मी विचारलं.

"शेठजीले विचारा," मनोहर म्हणाला.

शेठजींनी घसा साफ केला. "सिस्टरजी, बात ऐसी है. इसको हमने गद्दी पर बिठाया. दो लड़कों ने पकड़ के बिठाया. अब ये बैठा, तो इसका पाँव सीधा गिराहक के मुँह पे!"

"अन् जरा फिरून बसलो तं लक्ष्मीच्या फोटोकडे," मनोहर म्हणाला. "तिकून फिरलो तं शेठजीकडे."

"हमारी तरफ़ तो चलो ठीक है," शेठजी म्हणाले. "बीस साल से देख रहे हैं. मगर गिराहक बुरा मानता है. तो हमने एक अक्कल लगाई."

शेठजींची अक्कल अशी, की पाय दिसायला नको म्हणून त्यावर एक चांगली जरीकाठी साडी पसरायची. पाय झाकला जाईल आणि काठही उठून दिसेल. बुधवारी एक मोठा बस्ता आला. मुलीकडची पंधरा-वीस माणसं. बायकांना ती पसरलेली साडी एकदम आवडली. काठ बघितला, रंग बघितला, नवरीसाठी हीच असं ठरलं. मनोहरने घडी घालायला ती उचलली आणि खालून प्लास्टर आणि उघडी बोटं निघाली.

"मुलीची आत्या व्हती," मनोहर म्हणाला. "म्हणते, 'काहून गा भाऊ, नवरीचं लुगडं पायावर अंथरून ठेवतं काय?' म्या म्हणलं, आत्याबाई, आजारी पाय हाये. ते म्हणे, 'मंग तं अजूनच!' उठले सारे. चपला घातल्या अन् समोरच्या दुकानात."

"सारे के सारे," शेठजी म्हणाले.

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. शेठजीही थोडे हसले. मनोहर हसला नाही.

"त्याच्यानंतर मले उभं केलं," तो म्हणाला. "उभं राहता येते, सिस्टर, खोटं काहून बोलू. दोन वर्सानं दोन्ही पाय जमिनीले लागले. वरच्या फळीवरचे ठाण म्याच काढून देल्ले. पण तुमाले दुकानातलं माहीत नाही. जो बसते तो भाव बोलते. जो उभा राहते तो ठाण आणते. माह्या जागी परवा शिकलेला पोट्टा बसला अन् मले म्हणे, 'मनोहरभाऊ, ते हिरवं द्या बरं.'"

शेठजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "सौदा बैठ के ही होता है, सिस्टरजी. खड़ा आदमी कितना भी मीठा बोले, गिराहक को लगता है भगा रहा है. हमको मनोहर बैठा हुआ चाहिए."

तेवढ्यात सर राउंड संपवून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मनोहर, वाकडा गुडघा मी जोडणार नाही. कुबड्या सुटणार नाहीत, कंबर जाईल, दुसरा गुडघाही जाईल. सरळ जोडायचा असेल तर उद्या सकाळी. नसेल तर सिस्टर आत्ता प्लास्टर काढतील. गुडघा आपोआप परत वाकेल. गादीवर बसता येईल. दुखत राहील आणि रोग पुन्हा उठला तर इथेच यावं लागेल. जबरदस्ती नाही."

यापेक्षा स्पष्ट सांगता येत नाही. मनोहरने शेठजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काढा," तो म्हणाला.

मी कापायची कात्री घेतली. ही कात्री म्हणजे लांब दांड्यांचं, बदकाच्या चोचीसारखं हत्यार असतं. खालची चोच प्लास्टर आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायची आणि वरून दाबत जायचं. मला त्या निर्णयाचं काही वाटलं असं म्हणता येणार नाही. पाय त्याचा, गादी त्याची. मांडीच्या कडेला पहिला काप दिला. कट्ट आवाज झाला.

"थांबा सिस्टर," कुसुम म्हणाली.

ती भरतीच्या सगळ्या दिवसांत डबा घेऊन यायची, भांडी धुऊन न्यायची. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

"शेठजी," तिने नवऱ्याकडे हात केला, "तुमच्या दुकानात यायले गादीवर कोन बसवते?"

"लड़के हैं न, भाभी."

"अन् उठवते कोन?"

"वही लड़के."

"अन् घरी?"

शेठजींनी मनोहरकडे पाहिलं.

"सकाळी संडासात मी नेतो, मी बसवतो, दारात मी उभी राहतो, अन् मीच उठवतो. आंघोळीले मी. रिक्षात चढवाले मी. पावसात कुबडी घसरली तं दोघंबी चिखलात. या आठ दिवसांत संडासात भोकाची खुर्ची ठेवली, अन् यायले एकदाबी उचललं नाही म्या. स्वतःच्या पायानं गेले, स्वतःच्या पायानं आले. नळावरच्या बायका विचारत व्हत्या, तुही कंबर सरळ कशी झाली वं."

"चारचौघांत काहून बोलून राहिली?" मनोहर म्हणाला.

"चारचौघांत गादी गादी कोन करून राहिलं?" ती म्हणाली. "तुमाले बसवनारे लय हायेत. उठवनारी मी एकटी हावो. उद्या मी पडली तं साहेब माही कंबर जोडतीन, पण तुमाले संडासात कोन नेईन? शेठजी येतीन?"

शेठजी उठून उभे राहिले. कोट झटकला, त्याने काही फायदा झाला नाही. "भाभी ठीक कह रही हैं," ते म्हणाले. मग, सरळ माणूस असल्यामुळे, पुढचंही बोलले. "मगर मनोहर, गद्दी पर फिर दूसरा आदमी बैठेगा. नौकरी तेरी रहेगी. गद्दी नहीं."

कात्रीची चोच अजून प्लास्टरमध्येच होती. मी ती काढली नाही आणि पुढे दाबलीही नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. मनोहरने माझा हात बाजूला केला तशी मी कात्री काढून घेतली. त्याने दोन्ही हातांनी ताठ पाय उचलला, टेबलावरून खाली सोडला, कुबड्या न घेता उभा राहिला आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेला. दारात कुसुम होती, तिने हात पुढे केला नाही. तो वळून परत आला.

"सही कुठी करू?" त्याने विचारलं.

पुढचं इथेच सांगून टाकते. हाड चांगलं जुळलं. रोग पुन्हा उठला नाही. शेठजींनी शब्द पाळला, नोकरी ठेवली. पण वर्ष दीड वर्ष ठाणं काढून दिल्यावर मनोहरने स्वतःच ती सोडली. त्याच भागात कट-पीसचं एक नवीन दुकान निघालं होतं, उंच काउंटरचं, जिथे गिऱ्हाईकही उभं आणि विकणाराही उभा. तिथे मी त्याला पाहिलं. सवय अशी, की आधी पाय पाहिला आणि मग चेहरा. पाय उत्तम होता. मी त्याला विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "उभं हाये." कापड चांगलं दिलं, पण जुन्यासारखं त्यावर काही बोलला नाही. काउंटरवर बस्ता येत नाही. लोक दोन मीटर घेतात आणि जातात. आम्ही त्याचा पाय वाचवला आणि त्याचा धंदा घालवला, हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही. त्यानंतर सर आठवड्याची परीक्षा संपवून आलेल्या प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारू लागले, की घरी तुम्हाला उठवतं कोण? आणि ज्याचं नाव येईल त्याला आधी आत बोलवायचे.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, ऑपरेशनच्या सकाळी, मी लवकर गेले. कापलेलं प्लास्टर पूर्ण उतरवलं, पाय साबणाने धुतला, औषध लावून निर्जंतुक कापडात गुंडाळला आणि ट्रॉलीबरोबर ऑपरेशन थिएटरपर्यंत गेले. सरांचं काम संपल्यावर मला आत बोलावलं. मी कापूस गुंडाळला, त्यावर पट्ट्या भिजवून मांडीपासून बोटांपर्यंत चढवल्या. सरांनी पाय हातात घेऊन मापला. जवळजवळ सरळ, अगदी किंचित वाक, चालताना पाऊल जमिनीला घासू नये एवढाच.

"एवढा?" मी विचारलं.

"एवढाच. धरा."

मी टाच धरली. अशा वेळी बोटांनी धरायचं नसतं, बोटांचे खड्डे पडतात आणि ते आत टोचतात. तळवा पसरून त्यावर पाय नुसता पेलायचा. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ते गरम झालं, मग हळूहळू गार होत गेलं. या वेळात माझा हात जरा खाली गेला असता तर मनोहरचा पाय जन्मभर तेवढा खाली राहिला असता, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं नाही. बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. खणखणीत वाजलं. मग टाच सोडली आणि कुसुमला सांगायला बाहेर गेले.